उरलेल्या पाच ढेपा

गणूनं गोजराला एकट्यानं उचललं. झालं ते एवढंच. मोऱ्याच्या बंदराला ओहोटी होती. भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच नेहमीसारखी लांब उभी राहिली, पडावानं आम्हांला चिखलाच्या तोंडाशी आणून सोडलं, आणि तिथून धक्क्याच्या पायरीपर्यंत उतारूंना उचलून न्यायचं काम गणूचं आणि त्याच्या जोडीच्या चार-पाच जणांचं. पुरुषांना पाठीवर, बायकांना हातांवर, अशी तिथली रीत. गणू गुडघाभर चिखलात उभा राहिला, एक हात गोजराच्या पाठीमागं आणि दुसरा गुडघ्यांखाली घालून त्यानं जोर केला, आणि तो जोर वाया गेला. भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघावी, तसा तो मागं झोकांडला. गोजरा हसली. म्हणाली, "बग गणूदादा, आता चौघं नाय लागत." गणू हसला नाही. तिला तसंच हातांवर धरून तो माझ्याकडं वळला. "कमलाकरभाऊ, काय जालं वो वयनीला?" मी म्हणालो, "काही नाही. बारीक झालीये." माझ्या आवाजात अभिमान होता. पडावातल्या सगळ्यांनी तो ऐकला आणि मलाही तो ऐकू आला.

चौघांची गोष्ट जुनी, सत्तावन्न सालची. लग्न होऊन चार महिने झाले होते, आणि मी गोजराला माझगावच्या खोलीवरून पहिल्यांदा माहेरी आणत होतो. तेव्हाही ओहोटीच होती. गणूनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पडावभर ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला न्यायला चौघं लागतील रं बाबा." सगळा पडाव हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं गोजरा हसली. तिला त्यात काही लागलंच नव्हतं. तिच्या गावात अंगानं भरलेली बाई म्हणजे घरात दोन वेळचं आहे आणि हातांत बळ आहे एवढाच अर्थ. मिठागरावर मिठाच्या दोन टोपल्या एकावर एक घेऊन बांधावरून चालणारी ती एकटीच, असं तिची आई धोंडूबाई येईल-जाईल त्याला सांगायची. माझ्या आईनं तिला पसंत केलं ते तिची मनगटं बघून. गोजरानं नऊवारीचा काष्टा वर खोचला, आमची ट्रंक डोक्यावर घेतली आणि सरळ चिखलात उतरली. मी मागून गणूच्या पाठीवर, बूट हातात धरून. पायरीवर बसलेल्या कोळणींनी ते पाहिलं आणि त्यांना दिवसभराची करमणूक मिळाली. "बायको चालतंय नि नवरा पाठुंगली!" मी मॅट्रिक झालेला, फोर्टमधल्या हापिसात पंख्याखाली बसणारा, हाडं मोजून घ्यावीत असा माणूस. मी त्या दिवशी जो गप्प झालो तो खरं म्हणजे पुढं सात वर्षं गप्पच होतो. लाज गणूची वाटायला हवी होती, नाहीतर माझ्या बुटांची. ती मला तिच्या अंगाची वाटली.

आता गणू तिला घेऊन पुढं चालला होता आणि दुसऱ्या एकाच्या पाठीवरून मला तिचे पाय दिसत होते. वहाणा सैल झाल्या होत्या, एक पडली ती गणूनं वाकून उचलली. ह्या वहाणा मी दिवाळीला घेतल्या तेव्हा घट्ट बसत होत्या. दिवाळी ते भाद्रपद, म्हणजे दहा महिने. मी मोजत नव्हतो, पण मोजलं गेलं. सात वर्षं मी वाट पाहिली ती गोष्ट दहा महिन्यांत झाली होती, आणि मी तिचं श्रेय घेत होतो. श्रेय घ्यायला मी काय केलं होतं? एकदा हापिसातल्या हळदीकुंकवाला तिला नेलं, तर हेडक्लार्कांच्या मंडळींनी तिच्यासाठी आतून बाक मागवला. खुर्ची नको, बाक. हसण्यासारखं कुणी काही बोललं नाही. सगळ्या बायकांनी फार माया केली. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी कुणी तरी म्हणालं, "कमलाकर, तू सावलीत राहत असशील बुवा." त्या रात्री जेवताना तिनं तिसरी भाकरी टोपलीतून घेतली आणि मी म्हणालो, "जरा कमी खाल्लंस तर नाही का चालणार?" मी रागानं बोललो नव्हतो. अगदी हळू, शिकलेल्या माणसासारखा बोललो होतो. तिनं भाकरी परत टोपलीत ठेवली. माझ्यासमोर तिनं तिसरी भाकरी पुन्हा कधी खाल्ली नाही, नंतर दुसरीही नाही. अंग मात्र तसंच राहिलं, तेव्हा मला वाटायचं की मी हापिसात गेल्यावर ती खात असणार. चाळीतल्या सुमित्राबाईंना, ज्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या, मी एकदा आडून विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमची बायको दुपारी उपाशी बसते हो." मला ते पटलं नाही. जाड माणूस उपाशी आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नाही.

धक्क्यावर गोजराचा भाऊ बाळाराम बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग बैलांकडं. वाटेत तो नवसाबद्दल बोलत राहिला, कारण आम्ही त्यासाठीच आलो होतो. गोजरा दहा वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस ती डोळे उघडत नव्हती. धोंडूबाईनं तेव्हा गावदेवीपुढं पदर पसरला की पोर जगली आणि अंगानं भरली की तिला गुळानं तोलीन. पोर जगली, चांगली भरलीही, पण गूळ काही जमला नाही. कधी घरावर कौलं नव्हती, कधी मिठागर बुडालं. मग गोजराला लग्नानंतर पोर होईना तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या म्हणू लागल्या की देवीचं राहिलंय. यंदा बाळाराम ठाण्याच्या रस्त्यावरच्या नव्या कारखान्यात लागला आणि त्यानं पनवेलहून गूळ आणला. "धा ढेपा आनल्यात," तो बैलांकडं बघत म्हणाला. "नऊ-नऊ किलोच्या. नवात भागंल, पन देवीला कमती परायला नको." बहीण किती असेल याचा त्यानं नजरेनं अंदाज घेतला होता, तो आदल्या वर्षीच्या शिमग्याचा, ती शेवटची आली होती तेव्हाचा. गोजरा मागं बसून पाणी पीत होती. घरून भरून घेतलेली फिरकीची तांब्याची बाटली लाँचवरच संपली होती. मोऱ्याला तिनं पुन्हा भरून घेतली, आणि गाडी गावाच्या वेशीला लागेपर्यंत तीही संपली.

पाण्याची मला गंमत वाटायची. यंदाच्या फाल्गुनापासून ती माठच्या माठ संपवू लागली. मी म्हणायचो, "शाबास, पाण्यानं पोट भरायला शिकलीस." आणि खरंच ती उतरू लागली होती. आधी चेहरा, मग दंड. गळ्याची हाडं दिसू लागली तेव्हा मला ती एखाद्या दुसऱ्याच बाईसारखी वाटली, आणि त्या दुसऱ्या बाईवर माझं प्रेम बसलं. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं आहे. सात वर्षांत मी तिला कधी स्वतःहून साडी घेतली नव्हती. यंदा घेतली, गुलाबी व्हॉईलची. फोटोच्या दुकानात नेऊन आमच्या दोघांचा फोटो काढला, त्यात माझा हात तिच्या खांद्यावर आहे. चाळीतल्या बायका विचारायच्या की वहिनी, काय करता, आम्हांलाही सांगा. गोजरा लाजायची. ती थकायची, दुपारी भिंतीला टेकून बसायची, तिच्या पायांना मुंग्या यायच्या, हे तिनं मला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, वजन कमी झालं की सुरुवातीला असं वाटतंच. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी ते जागच्या जागी रचलं होतं. डॉक्टरकडं जायचा विषयसुद्धा निघाला नाही, कारण बरी होत चाललेल्या माणसाला डॉक्टरकडं कोण नेतं!

आणि मोरीतल्या मुंग्या. खोलीच्या कोपऱ्यात आमची मोरी होती. मे महिन्यात तिथं मुंग्या लागल्या. बारीक तांबड्या मुंग्यांची ओळ खिडकीतून यायची, भिंतीवरून उतरायची आणि मोरीच्या भोकाशी गोळा व्हायची. मी पावडर टाकली, रॉकेल टाकलं. दोन दिवसांनी परत ओळ. मग एका रविवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला समोर बसवलं आणि म्हणालो, "तू चोरून गूळ खातेस आणि मोरीत हात धुतेस." ती आधी हसली, कारण तिला थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "शप्पत नाय." "शपथ नाही म्हण," मी म्हणालो. तिचं बोलणं सुधारायची एकही संधी मी सोडत नसे. ती उठली, गुळाचा आणि साखरेचा डबा फडताळातून काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच कुलूप लावा." मी लावलं. किल्ली कोटाच्या खिशात ठेवली. रोज सकाळी मी चहापुरती साखर मोजून काढून द्यायचो आणि हापिसात जायचो. मुंग्या येतच राहिल्या. डबा कुलपात, किल्ली माझ्या खिशात, आणि मुंग्यांची ओळ खिडकीतून मोरीपर्यंत. मी विचार केला नाही असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं, पण ते खोटं आहे. मी विचार केला होता. एका संध्याकाळी मी मोरीशी उकिडवा बसून बराच वेळ त्या मुंग्यांकडं बघत होतो, आणि काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. मग गोजरा आतून गुलाबी साडी नेसून आली आणि मी उठलो.

धोंडूबाईनं लेकीला दारात पाहिलं. भाकरतुकडा ओवाळायला तिनं हात वर केला तो तिथंच थांबला. "काय गो बाय माजी," एवढंच ती म्हणाली. मग तुकडा टाकला, पायांवर पाणी घातलं. गोजराला घरात नेऊन ती तिचे दंड, पाठ, बरगड्या चाचपत राहिली. मी ओट्यावर बसून चहा घेत होतो. तिथं चार बाया जमल्या, त्यांतली एक मला ऐकू जाईलसं म्हणाली, "मुंबयला भात मिलत नाय वाटतं." मला राग आला. मुंबईत जिची तारीफ होते तिला इथं भुतासारखं बघतात, अडाणी लोक, असं मला वाटलं. मी बाळारामला म्हणालोही की हल्ली असंच असतं, शहरात कुणी जाड राहत नाही. तो चहाची बशी पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं काटा टांगला. मिठागरावरचा काटा होता तो, मिठाच्या गोणी तोलायचा, दोन बाजूंना साखळ्यांनी बांधलेल्या दोन फळ्या. देवळापुढच्या चिंचेच्या फांदीला तो बांधला होता. अख्खं गाव जमलं होतं, वाजंत्री होती. बाळारामनं एका फळीवर दहा ढेपा रचल्या, गोणपाटातून काढून, हळदीकुंकू लावून. गोजराला दुसऱ्या फळीवर बसवलं. तिनं हिरवी नऊवारी नेसली होती, माहेरची, आणि ती दोनदा गुंडाळूनही ढगळ होती. बाळारामनं टेकण काढलं. गोजरा वर गेली. एकदम, झोपाळ्यासारखी, लोकांच्या डोक्यांच्या वर गेली आणि तिथंच राहिली. तिनं साखळ्या घट्ट धरल्या. लोक हसले, कारण लोकांना वाटलं गूळ अंमळ जास्त झाला. बाळारामनं एक ढेप काढली. काही झालं नाही. दुसरी काढली. एक जण म्हणाला, काटा अडकलाय. काटा हलवून पाहिला, अडकला नव्हता. तिसरी काढली तेव्हा हसणं बंद झालं. चौथीला वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाजवायचं थांबवलं. बाळाराम प्रत्येक ढेप दोन्ही हातांनी उचलून बाजूला गोणपाटावर ठेवत होता आणि वर बघत नव्हता. पाचवी काढली आणि गोजरा सावकाश खाली येऊ लागली, फळ्या समोरासमोर आल्या आणि थांबल्या. एका फळीवर पाच ढेपा, एका फळीवर ती, आणि जमिनीवर पाच ढेपा. गोजरा माझ्याकडं बघत होती. सात वर्षं ती माझ्याकडं असंच बघायची, बरोबर केलं ना मी, असं. मी मान खाली घातली.

धोंडूबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखी म्हणाली, "जावयबुवा, उरलेली पोर कुठं ठेवलीव माजी?" मग तिनं लेकीलाच विचारलं, "पानी लय पितेस?" गोजरानं मान हलवली. "मोरीला जातेस सारकी? मुंग्या लागतान?" गोजरानं माझ्याकडं पाहिलं. तिला सांगायचं नव्हतं, मला वाईट दिसेल म्हणून. मी म्हणालो, "हो. लागतात." धोंडूबाई देवळाच्या पायरीवर खाली बसली. "तिच्या बापासला ह्योच रोग होता," ती म्हणाली. "मुंग्या दिसल्या तवा समदं गाव समजला. तुमी शिकलेलं, तुमाला नाय समजला?"

उरणच्या डॉक्टरांनी नळीतल्या तिच्या लघवीत निळं औषध घालून ते स्पिरिटच्या दिव्यावर धरलं, आणि ते विटेसारखं तांबडं झालं. मधुमेह, ते म्हणाले आणि विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, फाल्गुनापासून. त्यांनी नळी खाली ठेवली. शिव्या दिल्या नाहीत. मुंबईला न्या, आजच न्या, म्हणाले. पण त्या दिवसाची शेवटची लाँच गेली होती, आणि संध्याकाळी गोजराला ओकाऱ्या सुरू झाल्या. तिचा श्वास खोल, धापा टाकल्यासारखा चालू लागला आणि त्याला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. रात्रभर धोंडूबाई तिच्या उशाशी आणि मी पायाशी बसलो होतो. एकदा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "गुलाबी साडी आनलीव ना?" आणली होती. मला वाटलं तिला नेसायची आहे. ती म्हणाली, "ती आता वैनीला द्या. तिला बरी व्हईल." बाळारामची बायको आता तिच्यापेक्षा जाड होती, हे गोजरा विसरली होती. आपण अजून मोठ्याच आहोत असं तिला वाटत होतं. सकाळी पहिल्या लाँचला गणूनं तिला बेशुद्धीतच उचललं. मुंबईच्या इस्पितळात ती तीन दिवस होती. सुया दिल्या, बाटल्या लावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गेली. तिला पुन्हा शुद्ध आली नाही, त्यामुळं मला जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं. सांगायचं तरी काय होतं, कुणास ठाऊक. फार तर किल्ली परत दिली असती.

तेराव्याचं जेवण तिच्या माहेरी झालं. मी निघालो तेव्हा बाळारामनं ओट्यावर एक गोण आणून ठेवली. आत गोणपाटात बांधलेल्या पाच ढेपा होत्या. मी म्हणालो, हा देवीचा आहे, गावात वाटा. धोंडूबाई आतून बाहेर आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "देवीला तिच्या वजनाचा दिला. ह्यो देवीचा नाय. ह्यो तुमी तिच्या अंगावरना उतरवलाव, तो तुमचा." आणि आत गेली. मी गोण नाकारू शकलो नाही. नाकारायची पद्धत मला माहीत नव्हती. बाळारामनं गाडीत टाकली, मोऱ्याच्या धक्क्यावर उतरवली आणि पाठ फिरवून बैल हाकले.

ओहोटीच होती. पडाव लांब चिखलापलीकडं उभा होता. गणू आला, त्यानं गोण पाहिली आणि मला विचारलं, "आदी तुमाला नेऊ का हिला?" मी म्हणालो, "मी नेतो ही." आणि मी वाकून दोन्ही हातांनी गोण धरली. ती जमिनीवरून हलली नाही. पुन्हा धरली, पुन्हा नाही. धक्क्यावरच्या कोळणी बघत होत्या आणि ह्या वेळी त्यांना हसू येत नव्हतं. गणूनं मला बाजूला केलं, एक हात गोणीच्या पाठीमागं, एक खालून घालून ती छातीशी उचलली, आणि उचलल्याबरोबर थांबला. त्याला ते वजन माहीत होतं. दोनदा त्यानं ते असंच उचललं होतं. "भाऊ," तो म्हणाला, "हिच्यात काय हाय?" मी म्हणालो, "गूळ." तो पायऱ्या उतरून चिखलात चालू लागला, घाई न करता, गोण हलू न देता. दुसरा एक जण मला घ्यायला पाठ करून वाकला. मी त्याला नको म्हणालो. बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गणूच्या मागून उतरलो. चिखल थंड होता आणि त्यात शिंपल्यांच्या कडा होत्या. गोणीच्या एका कोपऱ्यातून गूळ थोडा पाझरला होता, आणि गणूच्या कोपराशी, गोणपाटाच्या शिवणीवर, मुंग्यांची बारीक तांबडी ओळ चालली होती. खिशात किल्ली होती. ती काढून टाकावी असं माझ्या मनात आलं, पण माझे दोन्ही हात बुटांत गुंतलेले होते.